बारा नंबरची राणी

विम्याच्या कचेरीत माणसं दोनच गोष्टी सांगायला येतात. एक, माझं नुकसान झालं. आणि दोन, त्यात माझी काडीचीही चूक नाही. त्या मंगळवारी माई तिसरीच गोष्ट सांगायला आल्या, त्यामुळे काचेमागच्या मुलीला त्यांना कुठल्या रांगेत उभं करावं हेच समजेना.

"चूक माझी आहे," माई म्हणाल्या. "ती लिहून घ्यायला कोण बसतं?"

मुलीनं एकदा माईंकडे पाहिलं, एकदा त्यांच्या मातीनं भरलेल्या बुटांकडे पाहिलं आणि त्यांना आतल्या खोलीत तपासनिसाकडे धाडून दिलं.

तपासनीस मोठा टापटिपीचा माणूस होता. टेबलावर तीन पेनं एका ओळीत, पाण्याच्या ग्लासवर झाकण, शर्टाला कडक इस्त्री. वीस वर्षं तो भरपाईचे अर्ज तपासत होता, आणि 'नाही' हा शब्द इतक्या गोड आवाजात उच्चारायचा की पुष्कळांना तो जिना उतरून खाली गेल्यावरच ऐकू यायचा.

"बसा. काय झालं ते सांगा," तो म्हणाला.

माई बसल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. शहराच्या कडेला त्यांचं सहा एकरांचं शेत होतं. सूर्यफूल, भोपळे आणि कुंपणाच्या कडेनं मधमाश्यांच्या चौदा पेट्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी याच कंपनीकडे शेतमालकांचा दायित्व विमा उतरवला होता. म्हणजे आपल्या शेतामुळे, आपल्या जनावरामुळे किंवा आपल्या हलगर्जीपणामुळे परक्या माणसाला इजा झाली, तर त्याची भरपाई कंपनीनं करायची. तेव्हा सगळं घर हसलं होतं. लोक आपल्या पिकाचा, आपल्या घराचा विमा उतरवतात; आमच्या आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांचा उतरवलाय, असं त्यांचा मुलगा येईल त्या पाहुण्याला सांगायचा. माई ऐकून घ्यायच्या आणि हप्ता वेळेवर भरायच्या.

"पोळं फार भरलं ना साहेब, की जुनी राणी माशी निम्मं बिऱ्हाड बरोबर घेते आणि नवं घर शोधायला निघून जाते," माई म्हणाल्या. "ते होऊ नये म्हणून वेळेवर पोळ्याचे दोन भाग करून दोन पेट्यांत ठेवायचे असतात. मला दिसत होतं. पण बारा नंबरचं पोळं माझं सगळ्यात लाडकं. एवढं भरलेलं पोळं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मोडवेना. उद्या करू, परवा करू म्हणत राहिले, आणि ती गेली."

"कुठं गेली?"

"वाचनालयाच्या भिंतीत."

वाचनालयाच्या व्हरांड्यावर, वरच्या मजल्याला, जुन्या लाकडी फळ्यांची भिंत होती. एका फळीला बोटभर फट होती. त्या फटीतून बिऱ्हाड आत शिरलं, आणि आठवड्याभरात तिथं संसार थाटून बसलं. कुणाला पत्ता नव्हता. शनिवारी रंगारी शिडी लावून वर चढला आणि जुना रंग खरवडायला लागला. खरवडायची त्याची पत्र्याची पट्टी नेमकी त्या फटीवर घासली. माश्या टोपीखाली शिरल्या, रंगाऱ्यानं डोक्याकडे हात नेला आणि शिडीवरचा तोल गेला. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया लागणार होती, आणि पुन्हा शिडीवर चढता येईल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते.

तपासनिसानं विम्याची कागदपत्रं मागवली, चष्मा पुसला आणि सावकाश वाचली. मग त्याच्या आवाजात तो गोडवा आला.

"कलम आहे, माई. हद्दीबाहेर गेलेले पाळीव जीवसुद्धा त्यात धरलेत. पण ते तुमचेच आहेत हे नोंदवलेल्या खुणेवरून पटायला हवं. गाईच्या कानाला बिल्ला असतो. माशीला काय असतं? भिंतीतल्या माश्या रानातून आलेल्या असतील. मग त्या कुणाच्याच नाहीत, आणि जबाबदारीही कुणाची नाही."

"ठिपका असतो," माई म्हणाल्या.

"कसला ठिपका?"

"राणीच्या पाठीवर. आम्ही पेटीवाले प्रत्येक राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका लावतो, म्हणजे गर्दीत लगेच सापडते आणि वयही कळतं. नोंदवहीची प्रत दर वर्षी तुमच्याकडे जमा करते मी. बघा त्या फायलीत."

फायलीत खरोखरच प्रत होती. सुवाच्य अक्षरात, पेटीवार. तेरा राण्यांपुढे पांढरा नाहीतर पिवळा असं लिहिलं होतं, आणि बारा नंबरपुढे 'वांगी'.

"वांगी?"

"रंग संपला होता. सुनेची नेलपॉलिश घेतली."

तपासनिसानं पेन खाली ठेवलं. "किती माश्या असतील त्या भिंतीत?"

"पंधरा-वीस हजार."

"आणि ठिपका एकीच्याच पाठीवर."

"एकीच्याच."

"मग ती सापडू दे," तपासनीस म्हणाला. त्याच्या मते इथं विषय संपला होता. "आणि माझ्या डोळ्यांसमोर सापडायला हवी. नाहीतर घरी ठिपका लावून आणली असं कुणीही म्हणेल."

"बरोबर आहे," माई म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी साडेसातला या. मोजे जाड घाला."

त्या उठून गेल्यावर तपासनीस बराच वेळ आपल्या मोज्यांकडे बघत बसला होता म्हणे.

बाहेर सून गाडीत वाट बघत होती. सून शाळेत गणित शिकवायची, आणि घरात काहीही ठरलं की त्यात काय चुकू शकतं ते आधी सांगायची तिला सवय होती. माईंना ती सवय आवडायची, फक्त ऐन वेळी नाही.

"माई, नीट विचार केलात का?" गाडी चालवता चालवता तिनं विचारलं. "आज कुणी म्हणत नाही की माश्या आपल्या आहेत. तुम्ही चारचौघांसमोर सिद्ध करणार की आपल्याच आहेत. आणि त्यानंतर कंपनीनं दुसरं काही कारण काढून काखा वर केल्या, तर? मग रंगाऱ्याचं सगळं आपल्यालाच भरून द्यावं लागेल. शेत विकावं लागेल, माई."

"लागेल," माई म्हणाल्या.

"आणि गप्प बसलो तर काही होणार नाही."

"आपल्याला होणार नाही."

पुढच्या वळणावर तिनं विचारलं, "आणि माझी वांगी नेलपॉलिश तुम्ही घेतलीत? मी घरभर शोधत होते. कामवालीला विचारलं मी."

माई खिडकीबाहेर बघू लागल्या.

त्यांना गप्प बसणं शक्य नव्हतं, त्याला कारण होतं. सोमवारी त्या रुग्णालयात गेल्या होत्या. रंगाऱ्यानं तीस वर्षांत अर्धं शहर रंगवलं होतं. माईंच्या चौदाही पेट्या त्यानंच रंगवल्या होत्या. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. माईंची चाहूल लागली तशी त्यानं मान वळवली आणि कशा आहात, काय आहात यातलं काहीही न बोलता म्हणाला, "माई, मी प्यालो नव्हतो. भिंतीतून माश्या आल्या अंगावर."

एके काळी तो प्यायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी सोडली, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याची आठवण कुणी ठेवत नाही. तो पडला तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. लोक धावत आले तोवर माश्या फटीत परत गेल्या होत्या. काम देणाऱ्या ठेकेदारानं तिथल्या तिथं सांगून टाकलं की शिडी नीट लावली नव्हती आणि सकाळी सकाळी घेऊन आला असेल. असं म्हटलं की ठेकेदाराला काही द्यावं लागत नाही. वर सांडलेल्या रंगाच्या डब्याचाही त्यानं उल्लेख केला होता. रंगाऱ्याची बायको खाटेशी बसून होती. तिनं माईंना हळूच सांगितलं की तिच्या सख्ख्या भावानंही काल रंगाऱ्याच्या तोंडाचा वास घेऊन बघितला.

उद्या करू, परवा करू म्हणत ठेवलेलं बारा नंबरचं पोळं माईंना आठवलं. दोषी आपण, आणि शिक्षा भोगतोय हा. त्या तशाच उठल्या, शेतावर गेल्या आणि बारा नंबरची पेटी उघडली. निम्मी रिकामी होती.

एक अडचण मात्र सुनेनं सांगायच्या आधीच माईंना ठाऊक होती. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी फवारणीवाल्याला शुक्रवारी अकराला बोलावलं होतं. माईंनी हातापाया पडून एवढंच मिळवलं की अकरापर्यंत भिंत त्यांची, अकरानंतर औषधाची. "आणि माझ्या फळ्या होत्या तशा परत बसल्या पाहिजेत," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. पुस्तकं परत घेतानाही त्यांचा सूर असाच असायचा.

शुक्रवारी साडेसातला तपासनीस हजर झाला. मोजे पँटवरून गुडघ्यापर्यंत ओढलेले, डोक्यावर माईंनी दिलेली जाळीची टोपी, आणि हातात कागद लावलेली पाटी. त्याचा चेहरा जाळीतूनही पांढरा दिसत होता. सुनेनं त्याला सांगितलं की हात हलवायचे नाहीत, फुंकर मारायची नाही. "आणि पळायचं तर अजिबात नाही," ती म्हणाली. "त्यांना पळणाऱ्यांचा राग येतो."

व्हरांड्याच्या छपरावर उभं राहायला पुरेशी सपाट जागा होती. माईंनी फटीत धूर सोडला. सुनेनं कटावणी घातली आणि पहिली फळी करकरत सुटली. ती तिनं बाजूला भिंतीला टेकवून ठेवली. मग दुसरी, तिसरी. आत नव्या मेणाची पांढरी सहा पोळी ओळीनं लोंबत होती, आणि त्यांच्यावर माश्यांचा जाड थर सळसळत होता. माई क्षणभर सगळं विसरल्या. "काय सुरेख बांधलंय," त्या म्हणाल्या. तपासनिसानं ते कागदावर लिहिलं नाही.

काम सोपं होतं आणि जिवावरचं होतं. एकेक पोळं सुरीनं कापायचं, हातात धरून दोन्ही बाजू नजरेखाली घालायच्या, चौकटीत दोऱ्यानं बांधायचं आणि आणलेल्या रिकाम्या पेटीत ठेवायचं. पहिल्या पोळ्यावर राणी नव्हती. दुसऱ्यावर नव्हती. साडेनऊ वाजले. खाली रस्त्यावर माणसं जमली, त्यांच्यात ठेकेदारही आला आणि समोरच्या फुटपाथवर हाताची घडी घालून उभा राहिला. फवारणीवाला वेळेच्या बराच आधी येऊन पायरीवर टाकी मांडीशी घेऊन बसला होता आणि कुणीतरी दिलेला चहा पीत होता.

तिसऱ्या पोळ्यावर नव्हती. चौथ्यावर अंडी होती, म्हणजे राणी आहे हे नक्की, पण ती दिसेना. पाचवं रिकामं गेलं. सहावं माईंनी कापलं. त्यांनी ते उजेडात धरलं, उलटलं, पुन्हा उलटलं. काही नाही. दहा पंचवीस झाले होते.

"माई," सून हळू आवाजात म्हणाली, "ठिपका निघून तर गेला नसेल?"

माईंना तीच भीती होती, चार दिवस त्यांनी ती कुणाला बोलून दाखवली नव्हती. माश्या राणीला सारख्या चाटत असतात. नेहमीचा रंग त्याला पुरून उरतो, पण नेलपॉलिशचं कोण सांगणार? ठिपका गेला असेल तर ती राणी जगातल्या कुठल्याही राणीसारखी. मग भिंतीतल्या माश्या कुणाच्याच नाहीत, आणि रंगारी प्यालेला. माईंनी भिंतीच्या रिकाम्या पोकळीत पुन्हा डोकं घातलं, वरपासून खालपर्यंत, कोपरा न कोपरा.

"त्या का हलत नाहीत?" तपासनिसानं विचारलं.

"कोण?"

"त्या तिथल्या."

तो भिंतीकडे बघतच नव्हता. तो मघाशी बाजूला टेकवून ठेवलेल्या पहिल्या फळीकडे बघत होता. फळीच्या मागच्या अंगाला, सावलीत, मूठभर माश्या गोळा होऊन बसल्या होत्या. बाकी सगळीकडे पळापळ, आणि हा घोळका अगदी शांत.

"तुम्हाला कसं दिसलं?" माईंनी विचारलं.

"लोक जिथं दाखवतात तिथं मी बघत नाही," तपासनीस म्हणाला. "वीस वर्षांची सवय आहे."

माई गुडघ्यावर बसल्या. त्यांनी हातमोजा काढला आणि उघड्या बोटानं तो घोळका अलगद, एकेक माशी बाजूला सारत उकलला. आत ती होती. लांबसडक, सोनेरी, कुणाचीही पर्वा नसल्यासारखी चालत असलेली. अर्धा ठिपका खरवडला गेला होता. उरलेला अर्धा उन्हात चमकला.

तपासनिसानं पाटी खाली ठेवली, गुडघे टेकले, आणि नाक फळीपासून वीतभर अंतरावर नेलं. त्याच्या मानेवर एक माशी चालत होती, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"वांगी!" तो ओरडला. मग त्याला आपल्या हुद्द्याची आठवण झाली असावी. खाकरून तो म्हणाला, "नोंदीप्रमाणे वांगी."

सुनेनं खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून फळीशेजारी धरली. तपासनिसानं दोन्हींचे एकत्र फोटो काढले, चार कोनांतून. माईंनी राणीला बारीक जाळीच्या डबीत घेतलं आणि डबी पेटीत ठेवली. मग जे झालं ते पेटीवाल्यांना नवीन नाही, पण खालच्या लोकांनी ते कधी पाहिलं नव्हतं. आधी दहावीस, मग शेकडो, मग सगळ्याच माश्या फळ्यांवरून, भिंतीवरून, माईंच्या बाहीवरून पेटीच्या दाराकडे चालू लागल्या आणि रांगेनं आत जाऊ लागल्या. पाव तासात भिंत रिकामी झाली. अकराला दोन मिनिटं कमी होती. रस्त्यावर कुणीतरी टाळी वाजवली आणि मग बरीच वाजली. फवारणीवाल्यानं टाकी पाठीला लावली आणि आता आपलं काय असं ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्यांनी त्याला वाचनालयातली झुरळं दाखवली.

खाली व्हरांड्याच्या पायरीवर बसून तपासनिसानं अर्ज भरायला घेतला. लोक भोवती उभेच होते.

"पोळ्याचे दोन भाग करायला हवे होते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," माई म्हणाल्या.

हेच ते दुसरं कारण असणार, असं सुनेला वाटलं.

"मुद्दाम केले नाहीत?"

"मुद्दाम कोण स्वतःची राणी घालवतं, साहेब? मोह झाला. चूक झाली."

"चुकीसाठीच हा विमा असतो," तपासनीस लिहिता लिहिता म्हणाला. "मुद्दाम केलं असतं तर मी भरपाई दिली नसती. आता जखमी माणसाबद्दल."

"तो तर पिऊन चढला होता," ठेकेदार गर्दीतून पुढं सरकत म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे."

तपासनिसानं वर पाहिलं. त्याच्या आवाजात आता गोडवा अजिबात नव्हता. "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं नाही, पण त्याची सवय..."

"मी काल रुग्णालयात गेलो होतो," तपासनीस म्हणाला. "खरं सांगतो, नकार द्यायला कारण मिळतंय का ते बघायलाच गेलो होतो. तेच माझं काम आहे. दाखल करताना त्याचं रक्त तपासलंय. दारूचा थेंब नाही. आणि टोपीखाली, केसांत, सात माश्यांच्या नांग्या रुतलेल्या होत्या. खुब्याच्या गडबडीत त्या कुणी मोजल्या नव्हत्या. मी परिचारिकेला मोजायला लावल्या." त्यानं ठेकेदाराचं नाव आणि हुद्दा विचारला. ठेकेदाराला तेवढ्यात दुसरीकडचं काम आठवलं आणि तो निघून गेला.

बारा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. माईंनी ते घरी वाचलं, मग शेताच्या फाटकाशी उभं राहून पुन्हा वाचलं. मग सुनेला शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला लावून दोघी रुग्णालयात गेल्या. शस्त्रक्रिया झाली होती. रंगारी उशीला टेकून बसला होता, बायको त्याला फळ कापून देत होती. त्या खोलीत आठ खाटा होत्या, आणि दुपारच्या वेळी आठही जणांचे नातेवाईक आलेले होते. एका कोपऱ्यात रंगाऱ्याचा मेहुणाही अवघडून उभा होता.

माईंनी पत्र पुढं केलं. रंगाऱ्यानं ते घेतलं नाही.

"तुम्ही वाचा," तो म्हणाला. "उपचाराचं राहू द्या. ते बायको वाचेल. माझ्याबद्दल काय लिहिलंय तेवढं वाचा."

माईंनी चष्मा लावला. "सदर अपघातास विमाधारक पूर्णपणे जबाबदार असून जखमी व्यक्तीचा कोणताही दोष आढळून आलेला नाही."

बायकोच्या हातातली सुरी थांबली. रंगाऱ्यानं उशीवरची पाठ सरळ केली.

"मोठ्यानं, माई," तो म्हणाला. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

माई उभ्या राहिल्या. शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारताना लावायच्या, तसा त्यांनी आवाज लावला आणि ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पुन्हा वाचलं. आठही खाटांवरची बोलणी थांबली. दारातून जाणारी परिचारिका आत डोकावली. मेहुणा पुढं आला, रंगाऱ्याच्या खाटेच्या कडेवर बसला आणि त्यानं त्याचा हात हातात घेतला. रंगारी आता उघड उघड रडत होता आणि हसतही होता, आणि डोळे पुसायला त्याला मोकळा हात उरला नव्हता.

खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ पडले होते, त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांनी कानाशी हात नेला. "जबाबदार कोण म्हणालात?"

"मी," माई म्हणाल्या.